युनिव्हर्सल डिस्क प्लेअर घेण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपाटात सीडी आहेत, डीव्हीडी आहेत, कुणीतरी दिलेल्या दोन-चार एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या आवाजाच्या डिस्क) आहेत. टीव्ही नवा आला म्हणून फोर-केच्या डिस्कही येऊ लागल्या आहेत. आता हे सगळं एकाच डब्यात वाजावं अशी इच्छा आहे. अशी इच्छा असणारी मंडळी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. जिथे माझी आवडनिवड आडवी येते तिथे तसं सांगितलं आहे.

"युनिव्हर्सल" म्हणजे नेमकं काय काय वाजवणारा प्लेअर?

घोडं इथेच पेंड खातं. सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे या प्रत्येकाचं स्वतःचं बोधचिन्ह आहे आणि ते लावायला परवाना लागतो. "युनिव्हर्सल" या शब्दाला असं काही लागत नाही, तो खोक्यावर कुणीही छापू शकतो.

शब्दाचा अर्थही काळाबरोबर बदलत आला. १९९९ मध्ये सोनी आणि फिलिप्स यांनी एसएसीडी आणली, पाठोपाठ २००० मध्ये त्याच हेतूची डीव्हीडी-ऑडिओ आली आणि दोघींचं भांडण जुंपलं. ऐकणाऱ्याने कुणाची बाजू घ्यायची हा प्रश्न होता. दोन्ही वाजवणारे प्लेअर निघाले तेव्हा त्यांना युनिव्हर्सल म्हणू लागले. पुढे ब्लू-रे आली (२००६), मग अल्ट्रा एचडी ब्लू-रे (२०१६), आणि यादी लांबत गेली. आज हा शब्द प्रामाणिकपणे वापरायचा तर प्लेअरने सहा गोष्टी वाजवायला हव्यात: सीडी, एसएसीडी, डीव्हीडी-व्हिडिओ, डीव्हीडी-ऑडिओ, ब्लू-रे आणि अल्ट्रा एचडी ब्लू-रे. यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या नावापाशी बहुतेक प्लेअर गळतात.

तोशिबाने फेब्रुवारी २००८ मध्ये माघार घेतल्यावर संपलेली ब्लू-रेची प्रतिस्पर्धी एचडी डीव्हीडी या यादीत नाही. ती कुणाकडे असेल तर तिच्यासाठी जुना वेगळा प्लेअरच सांभाळावा लागतो.

मग सुरुवात कुठून करू? सगळ्यात चांगला प्लेअर कोणता?

"सगळ्यात चांगला" हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आधी कपाट उघडा आणि डिस्क मोजा. खरोखर मोजा, अंदाजाने नको. मग ॲम्प्लिफायर किंवा रिसीव्हरच्या (प्लेअरचा आवाज स्पीकरपर्यंत पोचवणाऱ्या डब्याच्या) मागे जाऊन कोणकोणती भोकं आहेत ते कागदावर लिहा. खरेदीचे नव्वद टक्के निर्णय या दोन याद्यांतच होऊन जातात, प्लेअरचं माहितीपत्रक त्यानंतर वाचायचं.

एका ओळखीच्या गृहस्थांना महागडा युनिव्हर्सल प्लेअर घ्यायचा होता. डिस्क मोजल्यावर निघालं काय, तर चारशे सीडी, साठ-सत्तर ब्लू-रे, एसएसीडी एक आणि तीही न उघडलेली. त्यांना युनिव्हर्सल प्लेअरची गरजच नव्हती. याउलट कुणाकडे वीसच डीव्हीडी-ऑडिओ असतील, पण त्यांतलं ध्वनिमुद्रण दुसरीकडे कुठे मिळत नसेल, तर त्या वीस डिस्कच प्लेअर ठरवतात.

माझ्याकडची डिस्क एसएसीडी आहे की साधी सीडी, हे कसं कळणार?

डबीवर आणि डिस्कवर एसएसीडीचं चिन्ह असतं. पण खरी गंमत हायब्रिड डिस्कची आहे. बहुतेक एसएसीडी हायब्रिड असतात, म्हणजे एकाच तबकडीत दोन थर असतात: वरच्या बाजूला साध्या सीडीचा आणि तबकडीच्या मध्यावर एसएसीडीचा. मधला थर अर्धपारदर्शक असतो. सीडीचा ७८० नॅनोमीटरचा लेझर किरण त्याच्या आरपार जातो आणि ६५० नॅनोमीटरचा तांबडा किरण त्याच्यावरून परततो. त्यामुळे हायब्रिड डिस्क कुठल्याही सीडी प्लेअरमध्ये वाजते, पण वाजतो तो सीडीचा थर.

मी यात स्वतः फसलो आहे. दुकानात "सगळं वाजतं" असं ऐकून एक प्लेअर आणला, डिस्क घातली, गाणं सुरू झालं. पुढची दोन वर्षं मी पाहुण्यांना बसवून "बघा, एसएसीडीचा आवाज कसा वेगळा असतो" असं सांगत होतो. एकदा रिसीव्हरच्या पडद्यावर ४४.१ किलोहर्ट्झ हा सीडीचा आकडा दिसला आणि लक्षात आलं की दोन वर्षं नुसती सीडीच ऐकत होतो. पाहुणेही माना डोलवत होते, हे आणखी विशेष.

तेव्हा कानावर भरवसा ठेवू नका, पडदा वाचा. प्लेअरवर किंवा रिसीव्हरवर "एसएसीडी", "डीएसडी" (एसएसीडीवर आवाज लिहिण्याची पद्धत), किंवा रूपांतर होत असेल तर ८८.२ वा १७६.४ किलोहर्ट्झ असं काहीतरी दिसलं पाहिजे. प्लेअरच्या मेन्यूत एसएसीडीचा कुठला भाग आधी वाजवायचा हेही ठरवता येतं: स्टिरिओ, मल्टीचॅनल की सीडीचा थर. कारखान्यातून ते चुकीच्या जागी लागून आलेलं असू शकतं. काही एसएसीडींना सीडीचा थर नसतोच. त्या साध्या प्लेअरमध्ये घातल्या तर "डिस्क नाही" असा संदेश येतो. डिस्क खराब समजून टाकून देऊ नका.

सगळ्या डिस्क १२ सेंटिमीटरच्याच. मग एक प्लेअर वाजवतो आणि दुसरा नाही, असं का?

आकार तोच, पण माहिती वेगवेगळ्या खोलीवर आणि वेगवेगळ्या बारकाईने कोरलेली असते. सीडीत ती पृष्ठभागापासून १.२ मिलिमीटर आत, डीव्हीडीत ०.६ मिलिमीटर आत आणि ब्लू-रेत फक्त ०.१ मिलिमीटर आत. त्यासाठी किरणही तीन: सीडीला ७८० नॅनोमीटरचा अवरक्त, डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा तांबडा, ब्लू-रेला ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा. जितकी तरंगलांबी कमी तितका ठिपका बारीक, आणि तितकीच तेवढ्याच जागेत जास्त माहिती. म्हणून डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गिगाबाइट मावतात, ब्लू-रेच्या एका थरात २५, आणि अल्ट्रा एचडीच्या तीन थरांच्या डिस्कमध्ये १००.

गंमत म्हणजे एसएसीडी वाचायला लागणारा तांबडा किरण प्रत्येक ब्लू-रे प्लेअरमध्ये आधीच असतो. नसतो तो परवाना आणि आतलं कुलूप उघडण्याची सोय. म्हणजे बहुतेक ठिकाणी अडचण काचेची आणि किरणांची नसून हिशेबाची असते. निर्मात्याला वाटतं, इतक्या थोड्या लोकांसाठी कशाला?

डीव्हीडी-ऑडिओ म्हणजे डीव्हीडीच ना? ती तर कुठल्याही डीव्हीडी प्लेअरमध्ये वाजते!

वाजते, पण तुम्ही जे ऐकता ते तिचं दुय्यम रूप असतं. डिस्कमध्ये दोन कप्पे असतात. एकात खरा ऐवज असतो: स्टिरिओत २४ बिट, १९२ किलोहर्ट्झपर्यंत आणि मल्टीचॅनलमध्ये ९६ किलोहर्ट्झपर्यंत, मेरिडियनच्या एमएलपी पद्धतीने काहीही न गमावता दाबून बसवलेला. दुसऱ्या कप्प्यात साध्या प्लेअरसाठी डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमधली आवृत्ती ठेवलेली असते. साधा प्लेअर दुसरा कप्पा उघडतो आणि पहिल्याकडे बघतही नाही. एसएसीडीच्या सीडी-थरासारखीच ही गफलत आहे.

डीव्हीडी-ऑडिओचा आणखी एक ताप असा की पुष्कळ डिस्कचा मेन्यू टीव्हीवर दिसतो. गाणं निवडायला टीव्ही लावायचा, हे निवांत ऐकायला बसणाऱ्याला पटत नाही. मलाही पटत नाही.

ब्लू-रे ऑडिओ नावाच्या डिस्क असतात, त्यांना वेगळा प्लेअर लागतो का?

नाही. ती साधी ब्लू-रेच असते, चित्राऐवजी उत्तम प्रतीचा आवाज भरलेली. कुठलाही ब्लू-रे प्लेअर ती वाजवतो. यातल्या बऱ्याच डिस्कवर रिमोटच्या रंगीत बटणांनी स्टिरिओ आणि मल्टीचॅनल यांतून निवड करता येते, टीव्ही लावावा लागत नाही. संगीताच्या डिस्क नव्याने जमवायला सुरुवात करणाऱ्याला मी याच सुचवतो, कारण पुढे प्लेअर मिळण्याची चिंता सगळ्यात कमी.

आजच्या घडीला कोणते प्लेअर पाहावेत?

आधी पार्श्वभूमी. बराच काळ या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात होतं: ओप्पो. त्यांचे यूडीपी-२०३ आणि यूडीपी-२०५ सहाच्या सहा प्रकार वाजवत. एप्रिल २०१८ मध्ये ओप्पो डिजिटलने नवे प्लेअर काढणं थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि मैदान मोकळं झालं. सॅमसंग २०१९ मध्ये या धंद्यातून मागे सरली, एलजीने २०२४ च्या अखेरीस आपले प्लेअर बंद केले. थोडक्यात, निवड कमी होत चालली आहे.

सोनीचा यूबीपी-एक्स८००एम२ हा सामान्य माणसाच्या आवाक्यातला आणि एसएसीडी, डीव्हीडी-ऑडिओ दोन्ही वाजवणारा. त्याला ॲनालॉग आउटपुट (आवाज थेट विजेच्या लहरीत देणाऱ्या जोडण्या) मात्र नाही, त्यामुळे एचडीएमआयचा (चित्र-आवाज एकाच तारेतून आकड्यांत नेणाऱ्या जोडणीचा) रिसीव्हर नसलेल्यांची पंचाईत होते. पॅनासोनिकचे डीपी-यूबी८२० आणि डीपी-यूबी९००० यांचं चित्र सुरेख, पण ते एसएसीडी वाजवत नाहीत. यूबी९००० ची जडणघडण, वजन आणि मागच्या सोनेरी जोडण्या बघून हा सगळं वाजवत असणार असा समज होतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा असं मी म्हणणार नाही, कारण चित्रपटांसाठी तो खरोखर सोन्याचाच आहे. पण एसएसीडीसाठी तो घेऊ नका.

ओप्पोची जागा भरून काढण्याचा सरळ प्रयत्न मॅग्नेटारच्या यूडीपी८०० आणि यूडीपी९०० यांनी केला. दोन्ही पूर्ण युनिव्हर्सल. पायोनियरचे यूडीपी-एलएक्स५०० आणि यूडीपी-एलएक्स८०० हेही त्याच पंगतीतले.

नावं बदलत राहतील, एखादं मॉडेल उद्या बंद होईल. म्हणून नावापेक्षा पद्धत लक्षात ठेवा: निर्मात्याच्या संकेतस्थळावरून त्या मॉडेलची वापर-पुस्तिका उतरवून घ्या आणि "वाजवता येणाऱ्या डिस्क" हा तक्ता वाचा. जाहिरातीत जागा वाचवायला गाळलेलं सगळं त्या तक्त्यात असतं. विक्रेत्याच्या "हो" पेक्षा तो तक्ता खरा.

एचडीएमआय पुरेसं आहे की ॲनालॉग आउटपुट असलेलाच प्लेअर घ्यावा?

पैसे सर्वात जास्त वाया जातात ते इथे, म्हणून जरा सविस्तर.

डिस्कवर आकडे असतात आणि स्पीकरला विजेची लहर लागते. मध्ये कुठेतरी आकड्यांची लहर करावी लागते. ते काम करणाऱ्या भागाला डॅक म्हणतात. एचडीएमआयने जोडलं की हे काम रिसीव्हर करतो आणि प्लेअर फक्त आकडे पोचवतो. ॲनालॉग तारांनी जोडलं की ते काम प्लेअर करतो. ओप्पो यूडीपी-२०५ किंवा मॅग्नेटार यूडीपी९०० यांची किंमत मुख्यतः या भागासाठी आहे: ईएसएस कंपनीच्या वरच्या श्रेणीच्या डॅक-चिप, जड ट्रान्सफॉर्मर, संतुलित एक्सएलआर जोडण्या.

तेव्हा तुमच्याकडे एचडीएमआयचा बऱ्यापैकी नवा रिसीव्हर असेल आणि सगळं त्याच्यामार्फतच ऐकायचं असेल, तर प्लेअरमधल्या त्या महागड्या भागातून एकही सूर जाणार नाही. नुसता शोभेला राहील. उलट तुमच्याकडे जुना, मनासारखा वाजणारा स्टिरिओ ॲम्प्लिफायर असेल आणि त्याला एचडीएमआय नसेल, तर एसएसीडी त्याच्यापर्यंत पोचवण्याची सोपी वाट ॲनालॉगचीच.

तिसरा प्रकार म्हणजे जुने मल्टीचॅनल रिसीव्हर, ज्यांच्या मागे सहा किंवा आठ आरसीए जोडण्यांचा गुच्छ असतो. त्यात प्लेअरचे ५.१ वा ७.१ आउटपुट थेट लावता येतात. पण तेव्हा स्पीकरचा आकार, अंतर आणि खर्ज सबवूफरकडे वळवणं हे सगळं प्लेअरच्या मेन्यूत करावं लागतं, कारण रिसीव्हर त्या वाटेने आलेल्या आवाजाला सहसा हात लावत नाही. हे न केल्यामुळे "मल्टीचॅनलमध्ये खर्ज गायब होतो" अशी तक्रार येते. लहान स्पीकरला लहान म्हणून सांगितलेलंच नसतं.

ऑप्टिकल केबलने जोडलं तर एसएसीडी गप्प! प्लेअर बिघडलाय का?

नाही. एसएसीडीचा मूळ प्रवाह ऑप्टिकल किंवा कोॲक्सियल जोडणीने बाहेर जात नाही, तसं मुद्दामच ठरवलेलं आहे. डीव्हीडी-ऑडिओही या वाटेने उतरत्या दर्जातच जाते. चित्रपटांचे पूर्ण दर्जाचे आवाज-प्रवाह, डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ, हेही यातून मावत नाहीत, त्यांच्या जागी साधं डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस जातं. हातात चांगला वेगळा डॅक आहे म्हणून युनिव्हर्सल प्लेअर घेऊन तो कोॲक्सियलने जोडायचा, ही योजना म्हणूनच सीडीपुरतीच ठीक आहे.

एचडीएमआयचाही इतिहास लक्षात घ्या. डीव्हीडी-ऑडिओ त्यातून जाऊ लागली आवृत्ती १.१ पासून, एसएसीडीचा डीएसडी प्रवाह १.२ पासून, आणि ट्रूएचडी वगैरे न उलगडता पाठवणं १.३ पासून. फार जुन्या रिसीव्हरला "एचडीएमआय आहे" एवढ्यावर विसंबू नका.

डीएसडी पाठवू की पीसीएम?

या प्रश्नावर मैत्री तुटलेली पाहिली आहे.

सीडी दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजमाप घेते आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहिते. हे पीसीएम. एसएसीडीवरचं डीएसडी दर सेकंदाला २८,२२,४०० वेळा, म्हणजे सीडीच्या ६४ पट वेगाने, पण फक्त एकाच बिटात लिहितं. दोन वेगळ्या लिप्या समजा. प्लेअरला डीएसडी तसंच पाठवायला सांगता येतं किंवा पीसीएममध्ये बदलून.

आता व्यवहार. तुमचा रिसीव्हर खोलीनुसार आवाज दुरुस्त करत असेल किंवा खर्ज सबवूफरकडे वळवत असेल, तर ते गणित त्याला पीसीएममध्येच करावं लागतं. तुम्ही डीएसडी पाठवलंत तर तो आत बदलून घेईल, किंवा ती सगळी दुरुस्ती बंद करेल. माझ्या खोलीत दुरुस्तीचा फायदा डीएसडीच्या शुद्धतेपेक्षा कितीतरी जास्त ऐकू येतो, म्हणून मी पीसीएम लावून ठेवलं आहे. दोनच स्पीकर, सबवूफर नाही, खोली मुळात चांगली, अशी परिस्थिती असेल तर डीएसडी लावून बघा.

तुलना करताना एक सापळा टाळा. एसएसीडीची पातळी सीडीच्या मानाने साधारण ६ डेसिबल खाली धरलेली असते, आणि किंचित मोठा आवाज माणसाला नेहमी चांगला वाटतो. आवाजाचं बटण जुळवल्याशिवाय केलेला निवाडा बाद.

बिटस्ट्रीम लावलं तरी रिसीव्हरवर ॲटमॉस दिसत नाही.

बिटस्ट्रीम म्हणजे आवाज न उलगडता रिसीव्हरकडे पाठवणं, आणि ॲटमॉस म्हणजे डोक्यावरूनही आवाज आणणारी डॉल्बीची पद्धत. प्लेअरच्या मेन्यूत "सेकंडरी ऑडिओ" किंवा "बीडी ऑडिओ मिक्स" अशा नावाचं काहीतरी सापडेल. ते बंद करा. ते चालू असलं की मेन्यूतले टिकटिक आवाज आणि टिप्पणी मिसळण्यासाठी प्लेअर मूळ प्रवाह उलगडतो आणि ॲटमॉसची माहिती गळून जाते. दहातल्या आठ वेळा कारण हेच.

डॉल्बी व्हिजन, एचडीआर१०, एचडीआर१०+... काय हवंच?

तुमचा टीव्ही जे दाखवतो तेच. एचडीआर म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणारं चित्र, आणि ही त्याचीच तीन रूपं. अल्ट्रा एचडीच्या एचडीआर डिस्कवर एचडीआर१० असतंच. त्यात उजेडाबद्दलची सूचना सबंध चित्रपटाला मिळून एकच असते. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ यांत ती दृश्यागणिक बदलते. टीव्ही यांपैकी एकच जाणत असेल तर दुसऱ्यासाठी प्लेअरवर जास्त खर्च करू नका. सोनीच्या एक्स८००एम२ मध्ये डॉल्बी व्हिजन मेन्यूत जाऊन हाताने चालू-बंद करावं लागतं, याची चीड येणारे लोक आहेत. मला त्याचं फार काही वाटत नाही.

प्रोजेक्टरवाल्यांची गोष्ट निराळी. १,००० किंवा ४,००० निट्सच्या (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) हिशेबाने तयार केलेलं चित्र प्रोजेक्टरच्या थोड्या उजेडात बसवायचं म्हणजे कुणीतरी ते शहाणपणाने आवळायला हवं. पॅनासोनिकच्या प्लेअरमधली "एचडीआर ऑप्टिमायझर" ही सोय हे काम फार छान करते. प्रोजेक्टर असेल आणि एसएसीडी नसतील, तर माझं मत पॅनासोनिकला.

जुन्या डीव्हीडी फोर-के टीव्हीवर चांगल्या दिसतील असा प्लेअर हवाय.

साधं गणित करू. ५७६ रेषांच्या डीव्हीडीत ७२० × ५७६ म्हणजे ४,१४,७२० ठिपके. फोर-के पडद्यावर ३८४० × २१६० म्हणजे ८२,९४,४००. बरोबर वीस पट. म्हणजे वीस ठिपक्यांमागे एकोणीस कुणीतरी अंदाजाने भरलेले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चांगला प्लेअर कडा गुळगुळीत करतो, हलत्या चित्रातले दाते काढतो, पण नसलेला तपशील आणू शकत नाही. हे काम टीव्हीही करतो. दोघांना आळीपाळीने ते सोपवून बघा (प्लेअरचं आउटपुट मूळ रेझोल्यूशनवर ठेवलं की काम टीव्हीकडे जातं) आणि डोळ्यांना बरं वाटेल ते ठेवा.

रिसीव्हर जुना आहे, फोर-के पुढे पाठवत नाही. तोही बदलावा लागेल?

दोन एचडीएमआय आउटपुट असलेला प्लेअर घ्या. एक तार थेट टीव्हीला चित्रासाठी, दुसरी रिसीव्हरला फक्त आवाजासाठी. ट्रूएचडी, डीटीएस-एचडी, डीएसडी सगळं त्या दुसऱ्या तारेतून जातं. या एका भोकाने रिसीव्हरचं आयुष्य बरंच वाढतं. टीव्हीकडे जाणारं भोक मात्र एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारं कुलूप) मानणारं असायला हवं, नाहीतर फोर-के डिस्कचं चित्र पूर्ण दर्जाने येणार नाही.

परदेशातून आणलेल्या डिस्क चालतील?

सीडी आणि एसएसीडीला प्रदेशाचं बंधन नाही. अल्ट्रा एचडी ब्लू-रेलाही नाही, ही त्या डिस्कची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. डीव्हीडीचे मात्र १ ते ६ असे प्रदेश आहेत आणि ब्लू-रेचे ए, बी, सी. प्लेअर ज्या भागासाठी विकला त्याच भागाच्या डिस्क तो घेतो. एकाच डबीत फोर-के आणि साधी ब्लू-रे अशा दोन डिस्क असतील तर पहिली चालेल आणि दुसरी कदाचित नाही. शिवाय डीव्हीडीत ५० आणि ६० हर्ट्झचा भेद असतो. प्लेअर आणि टीव्ही दोघांनाही दोन्ही जमतं ना, ते पाहा.

घरात गेमिंग कन्सोल आहे. तोच वापरला तर?

चित्रपटांपुरता चालेल. प्लेस्टेशन ५ चं डिस्कवालं मॉडेल आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स अल्ट्रा एचडी ब्लू-रे वाजवतात. पण प्लेस्टेशन ५ साधी सीडीसुद्धा वाजवत नाही. एसएसीडी वाजवणारा कन्सोल शोधायचा तर मागे प्लेस्टेशन ३ च्या सुरुवातीच्या काही मॉडेलपर्यंत जावं लागतं.

व्हीसीडी, थ्रीडी, पेनड्राइव्ह?

व्हीसीडी नव्या प्लेअरमध्ये गृहीत धरू नका, तक्ता पाहा. थ्रीडी काही प्लेअर दाखवतात, पण दाखवायला टीव्हीच उरलेले नाहीत, प्रोजेक्टर असेल तरच विचार करा. पेनड्राइव्हवरच्या फ्लॅक (दर्जा न गमावता दाबलेल्या आवाजाच्या) फाइल बहुतेक सगळेच वाजवतात.

वापरलेला ओप्पो मिळतोय. घेऊ का?

यंत्र उत्तम, यात शंका नाही. पण डिस्क प्लेअरमध्ये झिजणारा भाग म्हणजे लेझर आणि ट्रे सरकवणारी यंत्रणा, आणि बंद पडलेल्या मॉडेलचे सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मीळच होणार. बघायला जाताना स्वतःच्या डिस्क न्या: एक जुनी सीडी, एक एसएसीडी, दोन थरांची डीव्हीडी आणि तीन थरांची फोर-के डिस्क. चौथीवर यंत्राची खरी परीक्षा होते. फोर-के डिस्क मधल्यामधे गोठत असेल तर विक्रेता "डिस्कच खराब असेल" म्हणतो. म्हणून दोन न्या.

डिस्क अडखळते. प्लेअर बदलू की डिस्क पुसू?

आधी पुसा. मऊ, स्वच्छ कापडाने मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसू नका, कारण गोलाकार ओरखडा माहितीच्या रेघेबरोबर लांबवर जातो आणि चूक दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेला एकदम मोठं भगदाड मिळतं. आडव्या ओरखड्यावरून किरण क्षणात पलीकडे जातो.

लोक खालची चकचकीत बाजू जपतात आणि सीडी छापील बाजूवर खुशाल उपडी टाकतात. सीडीचं काळीज त्या छापील बाजूलाच, लाखेच्या पातळ लेपाखाली असतं. खालचा ओरखडा घासून काढता येतो, वरून खरवडलं तर गाणं कायमचं गेलं. डीव्हीडीत थर मधोमध असल्यामुळे ती त्या बाबतीत सुरक्षित. ब्लू-रेत तो खालच्या बाजूला अगदी पृष्ठभागालगत, म्हणून तिच्यावर कठीण लेप दिलेला असतो. तो लेप घासून काढणाऱ्या दुरुस्ती यंत्रांपासून ब्लू-रे लांबच ठेवा.

आणल्यावर, परत करण्याची मुदत आहे तोवर काय तपासू?

पहिलं काम फर्मवेअर (प्लेअरच्या आतला प्रोग्रॅम) अद्ययावत करण्याचं. नव्या ब्लू-रेंची कुलपं जुन्या फर्मवेअरला उघडत नाहीत. मग कपाटातल्या प्रत्येक प्रकारची एकेक डिस्क घालून रिसीव्हरचा पडदा वाचा. माझी दोन वर्षं आठवा.

सीडीचं पहिलं गाणं ऐकून समाधान मानू नका, शेवटचं ऐका. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे वाकडी डिस्क किंवा ढिली यंत्रणा कडेला आल्यावरच बोलते. दोन थरांच्या डीव्हीडीवर चित्रपटाच्या मध्याजवळ थर बदलतो, तिथे क्षणभराचा थांबा चालेल, चार सेकंदांचा नाही.

आणि रात्री घर निजल्यावर एखादी फोर-के डिस्क लावून आवाज पूर्ण बंद करा. आपण बसतो त्या जागी पंख्याची घरघर किंवा डिस्क फिरल्याची सूं सूं ऐकू येत असेल, तर दुसऱ्याच दिवशी खोकं बांधून परत न्या.